मित्राच्या फौजेची किंमत

परतवाडा हे माझं आजोळ. अमरावतीहून चिखलदऱ्याला जाताना डोंगर चढण्याआधी लागणारं शेवटचं मोठं गाव. अचलपूरची जुनी माणसं मात्र परतवाडा म्हणत नसत. "जरा कॅम्पात जाऊन येतो," असं म्हणत. अचलपूर म्हणजे शहर आणि परतवाडा म्हणजे कॅम्प. आठ-नऊ वर्षांचा असताना मी नानांना विचारलं, "नाना, हा कॅम्प कुणाचा होता?" नाना घरात दखनी बोलत, माझ्याशी मात्र मुद्दाम वऱ्हाडीत बोलत. म्हणाले, "इंग्रजाचा."

"आणि गाव?"

"गाव निजामाचं."

"मग शिपायांना पगार कोण द्यायचं?"

नाना हसले. "पगार आपूनच देत होतो, बापा."

पलटण इंग्रजांची, गाव निजामाचं आणि पगार आपला, हे त्रैराशिक मला पुढं बरीच वर्षं सुटलं नाही. ते पुन्हा आठवायला निमित्त झालं जून २०२५ मधल्या एका बातमीचं. नेदरलँड्समधल्या हेग शहरात नाटो संघटनेतल्या ३२ देशांची परिषद भरली होती. संरक्षण आणि त्याच्याशी निगडित गोष्टींवरचा खर्च २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर नेण्याचं तिथं ठरलं. 'आम्ही तुमचं रक्षण करायचं आणि तुम्ही हात आखडता घ्यायचा,' ही अमेरिकेची तक्रार फार जुनी. ती खोटीही नव्हती. २०१४ साली दोन टक्के खर्चाचं उद्दिष्ट ठरलं, तेव्हा ते गाठणारे देश अवघे तीन होते आणि त्यांत एक खुद्द अमेरिका. मित्रराष्ट्रं दुसऱ्याच्या लष्करावर फार विसंबून राहतात का, यावर दूरदर्शनच्या वाहिन्यांवर पाहुणे तावातावानं बोलत होते. मला मात्र परतवाड्याचा कॅम्प दिसत होता. दख्खननं हा प्रश्न दीडशे वर्षं अंगावर वागवला आहे. आपल्याकडं त्याला नावही आहे, तैनाती फौज.

शाळेत हा धडा चार ओळींत संपतो. लॉर्ड वेलस्लीनं तैनाती फौजेची पद्धत आणली, राजे दुबळे झाले, राज्यं गेली. परीक्षेत दोन मार्कांना टीप येते. मला तेव्हापासून वाटायचं, हे राजे इतके भोळे होते का? समोरचा माणूस आपल्या घरात स्वतःचे शिपाई ठेवतो आहे आणि त्यांचं बिल आपल्याला लावतो आहे, हे त्यांना दिसत नव्हतं? मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. कविता लिहितो, आणि कविता लिहिणाऱ्याला जुनी कागदपत्रं वाचण्याचं व्यसन लागू नये असा नियम नाही. वाचत गेलो तसं लक्षात आलं की निजाम भोळा नव्हता. त्याच्यापाशी चांगलं कारण होतं.

ते कारण म्हणजे खर्डा. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडजवळ हे गाव आहे. ११ मार्च १७९५ रोजी तिथं मराठ्यांनी निजाम अलीचा पराभव केला. तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख, एवढं कबूल करून निजामाला आपला दिवाणही पुण्याच्या हवाली करावा लागला. या दिवाणाचं नाव अरस्तू जाह. लढाईआधी निजामानं इंग्रजांकडं मदत मागितली होती. कंपनीशी त्याची मैत्री होती, तिच्या दोन पलटणी पैसे देऊन त्यानं ठेवलेल्याही होत्या. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यानं तटस्थ राहायचं ठरवलं, आणि त्या दोन पलटणी मराठ्यांविरुद्ध वापरायची मुभा नव्हती. म्हणजे ज्या शत्रूची भीती, नेमक्या त्याच शत्रूसमोर मित्राचे शिपाई बसून राहणार.

निजामानं यातून जो धडा घेतला तो अगदी शहाण्या माणसाचा होता. त्यानं इंग्रज पलटणी परत पाठवल्या आणि फ्रेंच सरदार रेमंड याच्या हाताखालची कवायती फौज वाढवली. ही फौज चौदा हजारांच्या घरात गेली. अधिकारी फ्रेंच, पण चाकरी निजामाची, हुकूम निजामाचा. हैदराबादेत रेमंडविषयी आजही आपुलकीनं बोललं जातं. मलकपेठेच्या बाजूला टेकडीवर त्याची कबर आहे, आणि त्या भागाला लोक 'मूसाराम' म्हणतात. मोस्यू रेमंडचा मूसाराम झाला! परक्याला आपलं करून घेण्याची ही दख्खनी रीत मला फार आवडते.

मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. तिकडं वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला होता, त्याला फ्रेंचांचा आणि टिपूचा धसका होता. इकडं अरस्तू जाह पुण्याच्या नजरकैदेतून सुटून परतला होता आणि पुन्हा खर्डा होऊ नये, एवढाच त्याला ध्यास होता. दोघांच्या गरजा जुळल्या. १ सप्टेंबर १७९८ रोजी तह झाला. सहा पलटणी, त्यांचा सालिना खर्च २४ लाख १७ हजार १०० रुपये. त्यात अशी अट होती की ही फौज किरकोळ कामांना वापरायची नाही, वसुलीसाठी शिबंदीसारखी गावोगाव पसरवायची नाही. आणि खरी अट पुढं होती. फ्रेंच फौज मोडायची.

२२ ऑक्टोबर १७९८ ला ती मोडली गेली. गोळी चालवावी लागली नाही. पगार थकल्यामुळं शिपायांनी आपल्याच अधिकाऱ्यांना कोंडलं होतं. इंग्रजांनी तोफा रोखल्या, थकबाकी देतो म्हणून सांगितलं आणि दिवस मावळायच्या आत चौदा हजारांच्या फौजेची हत्यारं खाली ठेवली गेली. त्या कामगिरीवर असलेला जॉन माल्कम तेव्हा विशी ओलांडून तिशीलाही पोचलेला नव्हता.

मला सगळ्या गोष्टीतला हा दिवस सर्वांत मोठा वाटतो. मित्राची फौज आणणं ही चूक असेलच असं नाही. शेजारी बलाढ्य असेल तर कुणीही आणील. पण मित्राची फौज ज्या दिवशी आत आली, त्याच दिवशी आपली फौज दाराबाहेर गेली. यापुढं मित्र 'नाही' म्हणाला तर दुसरा दरवाजा उरला नव्हता.

पुढचं वर्ष मात्र झकास गेलं, हेही सांगायला हवं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, लुटीत आणि मुलखात निजामाला वाटा मिळाला. १८०० च्या १२ ऑक्टोबरला नवा तह झाला. आता आठ पलटणी पायदळ आणि दोन रिसाले घोडदळ, आणि हल्ला कुणाचाही असो, कंपनी धावून येणार. खर्डा पुन्हा होणार नाही याची ही लेखी हमी होती. बदल्यात रोख रक्कम द्यायची नव्हती, मुलूखच तोडून द्यायचा होता. टिपूकडून १७९२ आणि १७९९ साली जे मिळालं होतं, ते बळ्ळारी, कडप्पा, अनंतपूरकडचे सगळे प्रांत निजामानं परत देऊन टाकले. शिवाय कोणत्याही दरबाराशी बोलणी करायची तर कंपनीला आधी कळवून, तिच्या सल्ल्यानं करायची. या तहाचं नाव कायमच्या आणि परस्पर संरक्षणाच्या मैत्रीचा तह, असं होतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुष्कळ लिखाणात तिची गल्लत झालेली असते. ही जी तैनाती फौज, तिची किंमत १८०० साली पुरी चुकती झाली. मुलूख दिला, हिशेब मिटला. मग १८५३ साली वऱ्हाड गेलं ते कुठल्या फौजेसाठी? ती दुसरीच फौज. आणि तीच खरी मौजेची गोष्ट आहे.

१८०० च्या तहात एक कलम असं होतं की युद्ध झालं तर निजामानं आपल्याकडून सहा हजार पायदळ आणि नऊ हजार स्वार मदतीला द्यायचे. युद्ध लगेच झालं. बाजीराव पेशव्यानं ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला आपलाही तैनाती तह करून टाकला होता. शिंदे आणि भोसले यांच्याशी इंग्रजांची गाठ पडली. सप्टेंबर १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातलं असई, नोव्हेंबरात अकोल्याकडचं अडगाव, डिसेंबरात आमच्या परतवाड्यावरून दिसणाऱ्या डोंगरातला गाविलगड. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. तोवर वऱ्हाडात दुअंमल होता, काही वाटा निजामाचा, काही नागपूरकर भोसल्यांचा. भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा आपला वाटा सोडला आणि इंग्रजांनी १८०४ मध्ये तो निजामाला दिला. मैत्रीचं हे फळ. सगळं वऱ्हाड निजामाचं झालं ते मित्राच्या फौजेमुळं, आणि पन्नास वर्षांनी गेलं तेही मित्राच्या फौजेमुळंच.

कारण त्या लढाईत निजामाची स्वतःची माणसं फारशी उपयोगी पडली नव्हती. पडणार तरी कशी? कवायती फौज तर पाच वर्षांपूर्वीच मोडली होती. इंग्रज म्हणू लागले, तुमची फौज कुचकामी आहे, ती आम्ही सुधारून देतो. हेन्री रसेल हा रेसिडेंट १८११ साली आला आणि त्यानं हैदराबादेत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी ब्रिगेड उभी केली. तिला त्याचंच नाव पडलं. वऱ्हाडातल्या, अचलपूरच्या पलटणी याच साच्यात घातल्या गेल्या. पुढं या साऱ्याला 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणू लागले. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, आणि अचलपूरचा कॅम्प, अशा तिच्या छावण्या होत्या. नावानं ही निजामाची स्वतःची फौज. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाचा. आणि युद्ध असो की शांतता, बारा महिने उभी. तहात अशा कायमच्या फौजेचा शब्दही नव्हता.

तिचा खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास जाई. पगार वेळेवर झालाच पाहिजे, कारण थकला तर रेसिडेंट दारात. राज्याचा कारभार होता राजा चंदुलालच्या हाती. माणूस कर्तबगार, स्वतः कविता करणारा, पण त्याचं आसन इंग्रजांच्या मर्जीवर टिकलेलं. खर्चाला 'नको' म्हणण्याची सोय त्याला नव्हती. मग सावकार आले. त्यात विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी होती. ती फौजेचा पगार आगाऊ द्यायची आणि मुलखाचा वसूल लावून घ्यायची. व्याज शेकडा पंचविसाच्या आसपास. पेढीतला एक भागीदार गव्हर्नर जनरलच्या मानलेल्या मुलीचा नवरा होता, त्यामुळं परवानगीची अडचण आली नाही. म्हणजे इंग्रजांची फौज, इंग्रजांच्या भागीदारीतलं कर्ज आणि व्याज भरणारा वऱ्हाडचा कुणबी. "आपूनच देत होतो" याचा अर्थ मला इथं लागला. १८२० नंतर चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट झाला, तेव्हा त्यानं हे प्रकरण बाहेर काढलं. इंग्रजांतही सरळ माणसं होती, हे नोंदवायला हवं. पेढीचं देणं फेडायला कंपनीनं निजामाला एक कोटीहून अधिक रक्कम दिली, पण त्यासाठी उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी त्याला दरसाल जी सात लाखांची पेशकश देत असे, ती कायमची बंद केली.

असाच आणखी एक सरळ माणूस टॉमस मन्रो. निजामानं तोडून दिलेल्या बळ्ळारी-कडप्पाकडं त्यानं सात वर्षं कलेक्टरी केली होती. ऑगस्ट १८१७ मध्ये त्यानं गव्हर्नर जनरलला एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की, जिथं जिथं ही तैनाती पद्धत गेली, तिथं गावं ओसाड पडताना आणि वस्ती घटताना दिसेल. कारणही त्यानं दिलं आहे. हिंदुस्थानात राजा वाईट निघाला तर दरबारात उलथापालथ होते, नाहीतर रयत उठते, नाहीतर शेजारी चालून येतो. परक्या फौजेच्या पहाऱ्यात बसलेल्या राजाला यातलं कशाचंच भय उरत नाही. तो आळशी होतो आणि रयतेवर जुलूम करू लागतो. मला हे पत्र फार मोलाचं वाटतं. दुसऱ्याच्या फौजेवर विसंबल्यानं राजाचं काय होतं, हे सगळेच लिहितात. रयतेचं काय होतं, हे तहावर सह्या करणाऱ्यांच्या बाजूच्या एकानं लिहिलं.

कुणी म्हणेल, मग सोडून द्यायची होती ही मैत्री. पुण्याच्या बाजीरावानं तोच प्रयत्न केला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली. तैनाती फौज पेशव्याच्या रक्षणासाठी, पेशव्यानं तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर पोसलेली, आणि ती उभी राहिली पेशव्याच्याच समोर. वर्षभरात पेशवाई संपली. डिसेंबरात महिदपूरला होळकरांविरुद्ध जी फौज लढली तिच्यात हैदराबादची रसेल ब्रिगेडही होती. निजाम मात्र गादीवर राहिला. टिपू गेला, पेशवा गेला, पुढं नागपूर गेलं, अवध गेलं. आसफजाही घराणं १९४८ पर्यंत टिकलं. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की अरस्तू जाह मूर्ख नव्हता. त्याला टिकून राहायचं होतं आणि त्याचं राज्य टिकलं. प्रश्न एवढाच की त्या टिकण्यात राज्य किती उरलं.

त्याचं उत्तर २१ मे १८५३ ला मिळालं. कंटिन्जंटचे पगार थकत, कंपनी ते आपल्या तिजोरीतून भागवी आणि निजामाच्या नावे मांडून ठेवी. वर व्याज. ही बाकी वाढत पंचेचाळीस लाखांच्या आसपास गेली. डलहौसीनं रेसिडेंट कर्नल लो याच्यामार्फत मागणी केली, मुलूख द्या. गंमत म्हणजे स्वतः डलहौसीनं आपल्या टिपणात लिहून ठेवलं आहे की १८०० च्या तहानुसार शांततेच्या काळात ही फौज ठेवणं निजामावर बंधनकारक होतं, असं आपण प्रामाणिक माणूस म्हणून सांगू शकत नाही. इतकं लिहून झाल्यावर मागणी मात्र मागं घेतली नाही. मला हा प्रामाणिकपणा वाचून नेहमी अस्वस्थ व्हायला होतं.

निजाम नासिर-उद्-दौला हा फारसा बोलणारा राजा नव्हता. पण कर्नल लो यानं त्याच्याशी झालेल्या भेटींचा वृत्तान्त लिहिला आहे. निजामानं त्याला सांगितलं की राजाला दोन गोष्टी लाजिरवाण्या असतात. गरज नसताना वाडवडिलांचा मुलूख देणं, ही एक. आणि ज्या शिपायांनी इमानानं चाकरी केली त्यांना काढून टाकणं, ही दुसरी. बिचाऱ्यावर दोन्हींतली एक निवडायची वेळ होती आणि ती निवडही त्याच्या हातात राहिली नव्हती. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब, मिळून सुमारे पन्नास लाखांचा मुलूख इंग्रजांकडं गेला. तहावर सही झाल्यावर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल्-मुल्क वारला आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या दिवाण झाला. हाच पहिला सालारजंग. धाराशिवच्या बाजूला कारभार बघायला आला कॅप्टन मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीचा लेखक. नळदुर्गच्या किल्ल्यात त्याचं ठाणं होतं. तो आयुष्यभर याच कंटिन्जंटमध्ये नोकरी करत आला होता.

१८५७ साली सालारजंग इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला. हैदराबाद शांत राहिल्यामुळं इंग्रजांचं दक्षिण हिंदुस्थान वाचलं, असं इंग्रजच म्हणत. बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळालं, कर्जाची बाकी माफ झाली. वऱ्हाड मात्र राहिलं ते राहिलंच. आणि लगेच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस थांबला तसा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी टाकलेल्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आता असा मुलूख कोण परत देतो? फौजेसाठी तारण म्हणून ठेवलेली वस्तू तारणापेक्षा कितीतरी मोलाची झाली होती. सालारजंगानं अर्ज केले, फौजेच्या खर्चाला रोख हमी देतो म्हणून विनवलं, १८७६ मध्ये विलायतेला गेला. तिथं त्याचे सत्कार झाले. वऱ्हाडाचं नाव काढलं की विषय बदलत असे. १८८३ मध्ये तो पटकीनं वारला.

शेवटचा खिळा लॉर्ड कर्झननं ठोकला. १९०२ मध्ये तो हैदराबादला आला, निजाम महबूब अलीला एकांतात भेटला आणि वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या ठरावीक खंडावर कायमचं लिहून घेतलं. निजामाला लगोलग जी.सी.बी. हा किताब मिळाला. लोक म्हणू लागले, या तीन अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार'. कर्झनला वऱ्हाड दिलं!

आता हेगच्या परिषदेकडं वळतो, कारण तुलना तिथवर नेली तर तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. जर्मनी किंवा पोलंड म्हणजे निजाम नव्हे आणि अमेरिका म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी नव्हे. आपल्या लष्करावर किती खर्च करायचा हे बर्लिनची संसद ठरवते, तिथं कुणी रेसिडेंट बसलेला नाही. फ्रान्सनं १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडून परक्या फौजांना आपल्या भूमीवरून जायला सांगितलं, आणि फौजा गेल्या. पॅरिसची खडकी झाली नाही. एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, हे नाटोचं कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, सप्टेंबर २००१ मध्ये, आणि तेही अमेरिकेच्या मदतीसाठी. तरीही २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर युरोपच्या राजधान्यांत जी घालमेल सुरू झाली, ती मला ओळखीची वाटली. दारूगोळ्याची कोठारं रिकामी, कारखाने मोडीत काढलेले, आणि मित्राचं मन बदललं तर काय, ही धास्ती. सर जॉन शोअरनं तटस्थ राहायचं ठरवलं, त्या दिवशी निजामाला हाच प्रश्न पडला होता. आणि त्याचं पहिलं उत्तर, रेमंडची फौज, हे त्याच्या दुसऱ्या उत्तरापेक्षा चांगलं होतं, असं माझं मत आहे.

हैदराबादच्या मैत्रीची अखेर सांगायची राहिली. पहिल्या महायुद्धात निजाम उस्मान अलीनं इंग्रजांना भरभरून पैसा दिला. १९१८ मध्ये त्याला 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' असा किताब मिळाला. या मित्रानं १९२३ मध्ये वऱ्हाड मागितलं. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगनं उत्तर पाठवलं की ब्रिटिश तख्ताशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाटी करण्याचा हक्क हिंदुस्थानातल्या कोणत्याही संस्थानिकाला नाही. १९३६ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणण्याची परवानगी मिळाली. वऱ्हाड कुठं आणि प्रिन्स कुठं! जुलै १९४७ मध्ये त्यानं माउंटबॅटनला तक्रारीचं पत्र लिहिलं, की इतक्या वर्षांचे तह तुम्ही एकतर्फी कसे मोडता. पण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्यानं ते सगळे तह १५ ऑगस्टला संपले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं तेव्हा विलायतेतून कुणी आलं नाही. १३ तारखेला सुरू झालेली कारवाई १७ ला संपली. त्या दिवसांविषयी आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या महिन्यांविषयी आमच्या भागात घरोघरी वेगवेगळ्या आठवणी आहेत. तो स्वतंत्र विषय आहे.

आणि ती पलटण? अचलपूरच्या नवाब सलाबतखानानं १७८८ मध्ये उभी केलेली तुकडी आधी निजामाच्या आणि मग कंटिन्जंटच्या हिशेबात गेली. १९०३ मध्ये कंटिन्जंटच मोडली आणि पलटणी इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळल्या. पुढं तिचं नाव १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण असं झालं. भरती हळूहळू उत्तरेकडची होऊ लागली आणि १९४५ मध्ये रेजिमेंटचं नावच बदलून कुमाऊँ झालं. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगामला या चौथ्या कुमाऊँचे मेजर सोमनाथ शर्मा लढता लढता पडले. स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीर चक्र त्यांना मिळालं.

हे मला अगदी अलीकडं वाचनात सापडलं, तोवर नाना गेलेले होते. नानांच्या वडिलांनी ती पलटण कॅम्पाच्या मैदानावर कवायत करताना पाहिली होती. तिचा पगार कोण देत होतं, ते नानांना ठाऊक होतं. ती पुढं कुठं पोचली, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)